वेदनेची मूर्ति आणि तैलरंग

आपल्या देवांना दुःख नाहीं असें नाहीं; परंतु त्यांच्या मूर्तींवर तें दिसत नाहीं. रामाला वनवास घडला, सीतेचा वियोग घडला, तरी देवघरांतला राम प्रसन्नवदनच असतो. पंढरीच्या विठोबापुढें शतकानुशतकें भक्तांनीं आकांत केला आणि तें सारें दुःख अभंगांत उतरलें. विटेवरच्या मूर्तीच्या मुद्रेंत मात्र त्याची एक रेषाही उमटली नाहीं. शिल्पशास्त्राचा दंडकच असा आहे कीं देवतेची मूर्ति तरुण, सुडौल आणि शांत असावी. लाहोरच्या संग्रहालयांत गांधार शैलीची उपोषित बुद्धाची एक मूर्ति आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात, शिरा बोटांनीं चाचपाव्यात, पोट पाठीला टेकलेलें. ती पाहून आपल्याकडचा मनुष्य क्षणभर चपापतो, कारण देवत्व आणि हाडांचा सांपळा हीं एकत्र पाहण्याची आपल्या डोळ्यांना संवय नाहीं. शिवाय तो उपासाचा मार्ग खुद्द बुद्धानेंच पुढें टाकून दिला होता.

विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्र ह्याहूनही स्पष्ट बोलतें. गृहस्थाच्या घरीं शृंगार, हास्य आणि शांत एवढ्याच रसांचीं चित्रें असावींत. इतर रस देवालयांत किंवा राजसभेंत चालतील, असा त्याचा निर्णय आहे. रणभूमि, स्मशान, शोकानें व्याकुळ झालेलीं माणसें हीं राहत्या घराच्या भिंतीवर नकोत. हा निर्णय अपशकुनाच्या भीतींतून निघाला असें म्हणून त्याला हंसणें सोपें आहे. परंतु त्यांत एक सूक्ष्म विचारही असावा असें आम्हांस वाटतें. जें दृश्य सकाळ-संध्याकाळ नजरेखालून जातें, तें हळूहळू दिसेनासें होतें. आणि दुसऱ्याची वेदना दिसेनाशी होणें ही गृहस्थाच्या दृष्टीनें कांहीं चांगली गोष्ट नव्हे. वाचकांनीं हा निर्णय लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

तैलरंगाची विद्या आपल्याकडे खऱ्या अर्थानें रुजली ती इंग्रजी अमदानींत. मुंबईचें जमशेटजी जिजीभाई कलाविद्यालय १८५७ मध्यें निघालें. पुढें त्रावणकोरच्या रविवर्म्यानें तैलरंगांत पुराणें रंगविलीं आणि त्याच्या छापील चित्रांनीं घरोघरच्या भिंती भरून गेल्या. तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळें एका छटेंतून दुसऱ्या छटेंत सहज सरकतां येतें, आणि अंगाची कांति, रेशमाची घडी, सोन्याची झळाळी हीं हुबेहूब उतरतात. रविवर्म्यानें हरिश्चंद्र-तारामतीची कथाही रंगविली. परंतु तो शोक रंगभूमीवरचा आहे. पडदा पडला म्हणजे पुसून टाकतां येईल असा. तैलरंगाचा दुसरा गुण म्हणजे तो थरावर थर चढवितां येतो, सुरीनें खरवडतां येतो, खालचा काळोख वरच्या रंगाच्या भेगांतून डोकावूं देतां येतो. हा गुण आपल्या चित्रकारांच्या हातीं लागण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें.

युरोपांत तो गुण ज्यानें पराकाष्ठेला नेला, तो जॉर्ज रूओ. त्याचा जन्म २७ मे १८७१ रोजीं पॅरिसच्या बेलव्हील वस्तींतील एका तळघरांत झाला. वर शहरावर कम्यूनच्या यादवींतले तोफगोळे पडत होते. बाप पियानोच्या कारखान्यांत लाकडाला झिलई देणारा कारागीर. पोर चौदा वर्षांचें होतांच त्याला रंगीत कांचांच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखालीं घातलें. मध्ययुगीन देवालयांतील ह्या कांचा शिशाच्या काळ्या पट्ट्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात, आणि त्यांचा रंग उन्हानें मागून पेटल्याखेरीज दिसत नाहीं. त्या पट्ट्या पुढें रूओच्या चित्रांत बोटाएवढ्या जाड काळ्या रेषा होऊन आल्या, आणि कांचेमागचें ऊन रंगाच्या थरांमागें जाऊन बसलें. एकेक चित्र तो वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां रंगवीत असे. ‘म्हातारा राजा’ हें त्याचें प्रसिद्ध चित्र १९१६ मध्यें हातीं घेतलेलें आणि १९३६ मध्यें हातावेगळें झालेलें आहे.

रूओ निष्ठावंत कॅथॉलिक होता. पण त्याच्या उमेदीच्या काळांतील चित्रांत संत थोडे, आणि वेश्या, विदूषक व न्यायाधीश फार. एकदां एका फिरत्या सर्कशीच्या गाडीशेजारीं एक म्हातारा विदूषक आपला झगमगीत अंगरखा टांचीत बसलेला त्यानें पाहिला. ते चकाकणारे तुकडे आणि त्या माणसाचें अपार उदास आयुष्य ह्यांतील विरोध त्याच्या मनांत रुतला, आणि असा अंगरखा थोडाफार आपण सर्वचजण घालून हिंडतों, असें त्यानें एका पत्रांत लिहिलें. न्यायाधीशांचीं त्याचीं चित्रें पाहून पुष्कळांना तीं टिंगल वाटतात. तो स्वतः म्हणे कीं एका माणसानें दुसऱ्याचा निवाडा करावा ह्या गोष्टीची आपणांस जी धास्ती वाटते, तीच त्या तोंडांवर उतरली आहे. ज्या धर्मनिष्ठ लेखकाला तो गुरुस्थानीं मानी, त्या लेऑं ब्ल्वा ह्यानेंच ह्या चित्रांची कुरूप म्हणून निर्भर्त्सना केली. श्रद्धावंतांना देव ओळखूं यावा म्हणून तो गोंडसच असावा लागतो, हें कांहीं आपल्याच देशाचें वैशिष्ट्य नव्हे.

रूओचा ख्रिस्त पाहावयाचा असेल तर त्याच्या विदूषकापासून आरंभ करावा. तेंच लांबट तोंड, तीच खालीं झुकलेली मान, तेच मिटलेले डोळे. एकाच्या डोक्यावर टोपी आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर कांटे आहेत, एवढाच भेद. मनुष्याचें दुःख देवाच्या पातळीवर चढविण्याची ही युक्ति नव्हे. देवाला खालीं उतरवून सर्कशीच्या गाडीशेजारीं बसविण्याची आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यानें आरंभिलेली ‘मिझेरेरे’ ही ५८ मुद्राचित्रांची माला १९४८ मध्यें प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं त्यानें आणखी एक गोष्ट केली. त्याचा विक्रेता व्होलार १९३९ मध्यें अपघातांत वारल्यावर त्याच्या वारसांनीं शेंकडों अपुरीं चित्रें अडकवून ठेविलीं होतीं. रूओनें दावा लावून तीं परत मिळविलीं आणि जीं ह्या वयांत आपल्या हातून पुरीं होणार नाहींत असें त्याला वाटलें, अशीं ३१५ चित्रें साक्षीदारांसमोर भट्टींत घातलीं. सत्त्याहत्तराव्या वर्षीं अशी होळी करण्यास जी निःसंगता लागते, तिला अध्यात्म म्हणावयाचें कीं कारागिराचा ताठा म्हणावयाचें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. १९५८ मध्यें तो वारला तेव्हां फ्रेंच सरकारनें त्याची अंत्ययात्रा राजकीय इतमामानें काढिली.

रूओचा ख्रिस्त सर्वांचा होता. पण ह्याच काळांत एका यहुदी चित्रकारानें त्याला आपल्या लोकांसाठीं परत मागितला. मार्क शागालचें ‘पांढरा क्रूसारोह’ हें १९३८ मधील तैलचित्र आज शिकागोच्या कलासंग्रहांत आहे. त्यांतील ख्रिस्ताच्या कमरेला यहुद्यांची प्रार्थनेची शाल गुंडाळलेली आहे. भोंवतीं सभास्थान जळत आहे, घरें उलटींपालटीं झालीं आहेत, माणसें गांठोडीं घेऊन पळत आहेत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जर्मनींत खरोखरीच यहुद्यांचीं शेंकडों सभास्थानें पेटविण्यांत आलीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. गोमंतकांत देवाच्या देहाची वेदना सोळाव्या शतकापासून डोळ्यांपुढें होती. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यांत आला आणि १६१६ मध्यें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथें छापलें गेलें. देवाच्या हातापायांत खिळे ठोकले जात असल्याचें वर्णन सुमारें ११,००० ओंव्यांच्या त्या ग्रंथांत मराठी ओंवीला करावें लागलें, आणि तिनें तें समर्थपणें केलें. लांकडाचे व हस्तिदंताचे क्रूसमूर्ति घडविणारे हात पुष्कळदां हिंदु कारागिरांचे होते. पोर्तुगीज सत्तेनें वारंवार मनाई करूनही तें काम थांबलें नाहीं. म्हणजे ज्या हातांना प्रसन्न देव घडविण्याचें परंपरेचें शिक्षण होतें, त्यांनींच रक्तबंबाळ देव घडविला. गुडफ्रायडेला ती मूर्ति क्रूसावरून उतरवून खांद्यावरून मिरविली जाते, आणि बायका खरोखर घरचें माणूस गेल्यासारख्या रडतात.

फ्रान्सिस न्यूटन सूझा ह्याचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजीं बारदेशांतील साळगांवीं झाला. बाप शाळामास्तर, मूल कांहीं महिन्यांचें असतांच तो वारला, आणि थोड्याच काळांत मोठी बहीणही गेली. आई मुंबईस येऊन शिवणकामावर राहिली. लहानपणीं देवीची सांथ आली तेव्हां सेंट फ्रान्सिस झेव्हियरला नवस केला कीं पोर वांचलें तर त्याला जेझुइट करीन. तो वांचला आणि त्याच्या नांवांत ‘फ्रान्सिस’ आलें. नवसाचा उत्तरार्ध मात्र फिटला नाहीं. गांवच्या देवळाचा प्रचंड आकार, पाद्र्यांचे जरीचे झगे, मेणबत्त्या, आणि त्या सगळ्यांमध्यें जटा कांट्यांत गुंतलेला व फटक्यांनीं सोललेला ख्रिस्त, हें बाळपणीं पाहिलेलें दृश्य त्यानें पुढें आपल्या लेखनांत नोंदविलें आहे. धर्माचें वैभव आणि देवाची दैना ह्यांमधली विसंगति त्या पोराला तेव्हांच खुपली असावी, कारण पुढें आयुष्यभर तो तेंच रंगवीत राहिला.

शाळेंतून त्याला काढून टाकण्यांत आलें. १९४० मध्यें तो कलाविद्यालयांत शिरला आणि छोडो भारत चळवळींतील सहभागावरून १९४५ मध्यें तेथूनही बाहेर पडला. १९४७ मध्यें त्यानें रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे ह्यांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. ह्या मंडळींच्या पाठीशीं उभे राहिलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघेही हिटलरशाहीमुळें मायदेश सोडून मुंबईस आलेले होते. ज्या घरीं हीं पोरें युरोपीय चित्रांच्या प्रतिकृति पाहावयास जात, तीं घरें निर्वासितांचीं होतीं. मुंबईच्या ह्या चित्रकलेचा इतिहास सांगतांना ही गोष्ट बहुधा आश्रयदात्यांच्या यादींत जमा होते. ती त्याहून अधिक महत्त्वाची आहे. मनुष्यानें मनुष्याचें काय केलें हें ज्यांनीं अंगावर घेतलें होतें, त्यांच्या बोलण्यांतून रूओची काळी रेषा ह्या पोरांनीं वाचली.

१९४९ मध्यें सूझा लंडनला गेला. पहिलीं पांच-सहा वर्षें हालांत गेलीं. १९५५ मध्यें स्टीफन स्पेंडरच्या ‘एन्काउंटर’ मासिकांत त्याचा आत्मकथनपर लेख आला, त्याच वर्षीं गॅलरी वन येथें प्रदर्शन भरलें, आणि त्याचें नांव झालें. त्या वर्षींच्या ‘मिस्टर सेबॅस्टियन’ ह्या चित्राकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. बाणांनीं विद्ध झालेला सेंट सेबॅस्टियन हा युरोपीय चित्रकारांचा आवडता विषय. प्रबोधनकाळांत तर त्या निमित्तानें सुंदर तरुण देह रंगविण्याची चढाओढच लागली होती. सूझाचा सेबॅस्टियन कोट-टाय घातलेला शहरी मनुष्य आहे, आणि बाण त्याच्या मानेंत व तोंडांत घुसले आहेत. आभाळाकडे लागलेली दृष्टि नाहीं, तेजोवलय नाहीं. कचेरींत जाणाऱ्या माणसाला हुतात्मा म्हणावयाचें कीं हुतात्म्याला कचेरींत धाडावयाचें, अशा पेचांत तें चित्र आपणांस टाकतें.

‘क्रूसारोह’ हें त्याचें मोठें तैलचित्र १९५९ मधलें, लंडनच्या टेट संग्रहांतलें. ख्रिस्त काळा आहे. हातपाय वाळक्या फांद्यांसारखे, रेषा कांट्यांसारख्या अणकुचीदार. मागच्या शतकांत युरोपानें जगभर वांटलेल्या गोऱ्या, मवाळ, सोनेरी केसांच्या येशूशीं ह्याचें दूरचेंही नातें नाहीं. रूओच्या ख्रिस्ताचे डोळे मिटलेले असतात. हा मात्र पाहणाऱ्यावर उलटतो. क्षमा करणें त्याच्या मनांत असेल असें वाटत नाहीं. जाड काळी रेषा रूओचीच आहे, पण तिच्यामागें पेटणारी कांच नाहीं.

सूझाला ईश्वरनिंदक म्हणून मोकळें होतां येईल. तसेंच, भवभूतीसारख्या करुणाच्या उपासकालाही हा करुण ओळखूं आला नसता, हा निव्वळ बीभत्स आहे, असाही आक्षेप घेतां येईल. दुसऱ्या आक्षेपांत तथ्य आहे. सूझाच्या कित्येक चित्रांत, विशेषतः पुढच्या काळांतल्या, दुःखाची नुसती संवय झालेली दिसते; डोळे कपाळांत नेऊन बसविले, गालांवर रेघोट्या ओढल्या, कीं यातना तयार. परंतु ‘क्रूसारोह’ त्यांतला नव्हे. ज्यानें देवाला कधीं मानलेंच नाहीं तो मनुष्य देवावर इतका संतापूं शकत नाहीं. आपल्या संतांनींही देवाशीं कडाक्याचें भांडण केलें आहे. भेद एवढाच कीं आपल्याकडे भक्त भांडतो आणि देव ऐकतो. सूझाच्या चित्रांत देवच फिर्यादी झाला आहे. ती फिर्याद कोणाविरुद्ध, हें सांगण्याची गरज नाहीं. बांडुंग परिषदेला चार वर्षें झालीं होतीं, लंडनच्या नॉटिंग हिलमधील काळ्या लोकांवरील हल्ल्यांना जेमतेम एक वर्ष. आणि साम्राज्याच्या राजधानींत एक काळा ख्रिस्त उभा होता.

त्याच गोमंतकाचा दुसरा पुत्र आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्याचा मार्ग अगदीं उलट. अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्यांच्यापाशीं शिकून तो पुण्यास ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमांत येऊन राहिला, आणि जलरंगांत लुगडें नेसलेली मेरी व पद्मासनांतले संत काढीत राहिला. हीं चित्रें फार सुंदर आहेत. वेदना त्यांत नाहींच म्हटलें तरी चालेल. ख्रिस्त भारतीय झाला आणि भारतीय होतांच प्रसन्न झाला. गोव्यांतील कित्येक ख्रिस्ती लोकांना मात्र ही लुगड्यांतली मेरीच रुचली नाहीं, हा विनोद लक्षांत घेण्याजोगा आहे. चित्रसूत्राच्या कसोटीनें फोन्सेकाचीं चित्रें कोणाच्याही घरीं लावतां येतील. आमच्या मनाला विचारलें तर रोज पाहावयास आम्ही फोन्सेकाच पत्करूं. पण १९४७ नंतरच्या हिंदुस्थानचा मनुष्य त्यांत सांपडत नाहीं.

तो सांपडतो तय्यब मेहता ह्याच्यापाशीं. १९२५ मध्यें कपडवंजला जन्मलेला हा दाऊदी बोहरा मुलगा मुंबईंत वाढला. १९४७ च्या दंग्यांत महमदअली रस्त्यावरील घराच्या खिडकींतून त्यानें एका तरुणाला जमावाच्या हातून मरतांना पाहिलें. त्याला ताप भरला. आणि तें दृश्य त्याच्या मनांतून पुढें कधींही गेलें नाहीं. तो तें सांगे, पण रंगवीत मात्र नसे. रस्ता, जमाव, रक्त हें कांहींच त्याच्या चित्रांत येत नाहीं. त्याऐवजीं आला एक बैल. कत्तलखान्यांत कापण्यापूर्वीं बैलाचे पाय बांधून त्याला आडवा पाडतात; एवढें प्रचंड बळ आणि तें हलूं शकत नाहीं, ह्यांत त्याला देशाची व स्वतःची अवस्था दिसली. ‘जखडलेला बैल’ हें त्याचें तैलचित्र १९५६ मधलें. पुढें १९७० मध्यें ‘कूडल’ नांवाचा एक लघुचित्रपट त्यानें केला, त्यांतही वांद्र्याचा कत्तलखाना आहेच. बैलानंतर रिक्षा ओढणारा आला, आणि मग ‘कोसळणारी आकृति’; त्या मालेंतील चित्राला १९६८ च्या दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. ती आकृति कोठून कोसळते आणि कोठें पडणार हें चित्र सांगत नाहीं.

१९८४–८५ मध्यें मेहता शांतिनिकेतनांत राहिला. तेथें त्यानें संथाळांचा चरक उत्सव पाहिला. त्यांत भक्त आपण होऊन देहाला यातना करून घेतात. त्यावरून त्याचें तीन भागांचें भलें मोठें चित्र झालें, आणि बंगालच्या भूमींतूनच त्याच्या कॅनव्हासवर काली व महिषासुर आले. ह्या काळांत त्यानें हळूहळू तैलरंग सोडून अॅक्रिलिक रंग धरले. जाड थर गेले, सपाट शांत रंगाचे विस्तार आले. परंतु त्या सपाटींत देवी आणि महिष असे गुंतले आहेत कीं मारणारी कोण आणि मरणारा कोण हें उलगडतां उलगडत नाहीं. ती मिठी आहे कीं वध, हेंही नाहीं. पहिल्यांदाच, आमच्या समजुतीप्रमाणें, आपल्या एका देवतेच्या अंगांत दुःख शिरलें. मारण्याचें दुःख. खिडकींतून खून पाहिलेल्या मुलाला त्या गुंत्यापर्यंत पोंचण्यास चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं, आणि तेथें पोंचल्यावर त्यानें कोणावरही फिर्याद केली नाहीं.

सूझा २८ मार्च २००२ रोजीं मुंबईंत वारला व शिवडीच्या दफनभूमींत त्याला मूठमाती मिळाली. मेहता २ जुलै २००९ रोजीं गेला. सूझा गेला त्याच वर्षीं मेहताचें ‘सेलिब्रेशन’ दीड कोटींच्या घरांत विकलें गेलें होतें, आणि तो आंकडा तेव्हां अद्भुत वाटला होता. एप्रिल २०२५ मध्यें ‘जखडलेला बैल’ मुंबईच्या एका लिलावांत ६१.८ कोटी रुपयांना गेला. चित्रसूत्रकारानें वेदनेच्या चित्रांसाठीं ज्या दोन जागा नेमून दिल्या, त्यांपैकीं देवालयाची जागा रूओला मिळाली. आल्प्समधील असीच्या देवळांत त्याच्या चित्रांवरून केलेल्या कांचेच्या खिडक्या आहेत. मेहताचें शांतिनिकेतनचें त्रिपुट दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत आहे, म्हणजे तें राजसभेंत गेलें म्हणावयाचें. सूझाचा ख्रिस्त, ज्या राजधानीला उद्देशून तो उभा केला, तिच्याच संग्रहांत आहे. बैल मात्र कोणाच्या तरी घरीं गेला असावा.